गळ्याची गाठ आणि पदराखालचा लेप

मी हिंजवडीतून बोलते आहे. बचत गटांचं काम बघते, त्यामुळे महिन्यातले निम्मे दिवस कुणाच्या ना कुणाच्या ओट्यावर सतरंजी टाकून बसलेली असते. आजचा विषय अशाच एका ओट्यावर निघाला.

गटाची मासिक बैठक होती. वसुली झाली, कर्जाचे अर्ज झाले. एक ताई मात्र जागची हलेना. बाकीच्या उठल्यावर तिने आपल्या लेकीला पुढे केलं. एकोणीस वर्षांची मुलगी, भर उन्हाळ्यात गळ्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली. ओढणी काढली तर मानेच्या डाव्या बाजूला बोराएवढी एक गाठ आणि तिच्याखाली दोन बारक्या. दुखत नव्हत्या. "दोन महिने झाले, काय लावू?" आईने विचारलं.

मग काय, आपल्याकडे औषधांना तोटा नाही. एक म्हणाली काव उगाळून लाव. दुसरी म्हणाली जवसाचं पोटीस बांध. तिसरीने बिब्ब्याची फुली सांगितली. एका आजींनी कांचनाच्या सालीचा काढा सांगितला. आणि मी? मी बीए झालेली, गावोगाव आरोग्याच्या बैठका घेणारी. मी म्हणाले, "आंबेहळद लावून बघ आठ दिवस." आठ दिवसांचे दोन महिने झाले. म्हणून आजचं बोलणं हा थोडा इतिहास आहे आणि थोडी माझी कबुलीही.

आधी नावं नीट लावून घेऊ. आपण सगळ्यालाच "गाठ आली" म्हणतो, पण आपल्या म्हाताऱ्या माणसांनी त्यांना वेगवेगळी नावं दिली होती. पायाला काटा लागला, जखम चिघळली आणि जांघेत गोळा आला की ते अवधाण. कानाखाली गाल सुजला, पोराला घास गिळवेना, ते गालगुंड. गळ्याच्या पुढच्या बाजूला फुगवटा आला तर गलगंड. आणि मानेच्या कडेने माळेतल्या मण्यांसारख्या एकीला लागून एक गाठी उठल्या, तर गंडमाळ. चार नावं, चार वेगळे आजार. जखमेतले जंतू अडवताना जवळची गाठ सुजते, ते अवधाण. गालगुंड विषाणूमुळे होतं. जुना गलगंड बहुतेक आयोडीनच्या कमतरतेचा, त्यासाठी मिठात आयोडीन घालायला लागले. आणि गंडमाळ म्हणजे बहुतेक वेळा क्षय, टीबी. तो फुफ्फुसाऐवजी मानेतल्या गाठीत बसलेला असतो.

गंडमाळ आपल्या वैद्यांना फार जुनी माहीत होती. सुश्रुताच्या ग्रंथात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचं वर्णन एकाच अध्यायात आहे. अपचीबद्दल तिथे म्हटलंय की काही गाठी पिकतात, काही जिरतात आणि त्यांच्या जागी नव्या उठतात, असं बराच काळ चालतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे. चरकाने तर आणखी मोलाचं सांगितलं. गंडमाळेबरोबर पडसं, बरगडीत दुखणं, खोकला, ताप आणि उलटी असेल तर ती बरी होत नाही, असं त्याने नोंदवलं. म्हणजे गळ्यातली गाठ आणि छातीतला रोग हे एकमेकांशी जोडलेले आहेत, हे त्या माणसांनी नुसत्या डोळ्यांनी टिपलं होतं. तिथे सूक्ष्मदर्शक नव्हता, तपासणीची सोय नव्हती. क्षयाचा जंतू सापडल्याचं रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये जाहीर केलं ते थेट २४ मार्च १८८२ ला. तो दिवस आज आपण जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळतो.

आता आजींनी सांगितलेला कांचन. शार्ङ्गधराच्या संहितेत कांचनार गुग्गुळाची कृती आहे. कांचनाची साल, त्रिफळा, त्रिकटू म्हणजे सुंठ-मिरे-पिंपळी, वायवर्ण्याची साल, वेलची, दालचिनी, तमालपत्र आणि या सगळ्यांच्या बरोबरीने गुग्गुळ. गंडमाळ, अपची, अर्बुद यांवर ते द्यायला सांगितलंय. ही गोळी आजही आयुर्वेदिक दुकानात मिळते. तेव्हा आजींचं बोलणं हवेतलं नव्हतं. त्यामागे शेकडो वर्षांची परंपरा आहे.

पण परंपरा आहे आणि गुण येतो, या दोन गोष्टी एकच का? इथे मी तुम्हाला जरा लांब नेते, इंग्लंडला. तिथेही गंडमाळ होती. तिथले लोक तिला राजाचं दुखणं म्हणत, कारण राजाने हात लावला की ती बरी होते अशी समजूत होती. इंग्लंड आणि फ्रान्सचे राजे शेकडो वर्षं रोग्यांच्या रांगांना हात लावत आले. १७१२ साली सॅम्युअल जॉन्सन नावाच्या लहान मुलाला त्याच्या आईने लंडनला नेलं आणि राणी ॲनने त्याला स्पर्श केला. पुढे हा मुलगा इंग्रजीचा मोठा कोशकार झाला, पण गळ्यावरचे व्रण जन्मभर राहिले. मग लोकांचा विश्वास इतकी शतकं टिकला कसा? सुश्रुताचं वाक्य आठवा. काही गाठी आपोआप जिरतात. ज्याची जिरली तो गावभर सांगत सुटतो. ज्याची नाही जिरली त्याला कोण विचारतं? राजाचा हात असो की आपली आंबेहळद, श्रेय असंच मिळत जातं.

गालगुंडाचं तर आणखी सोपं. ते आठ-दहा दिवसांत आपलं आपणच उतरतं. काव लावा, चुना लावा, काही लावू नका, दहाव्या दिवशी पोरगं खेळायला जातं. अवधाणही जखम भरली की बसतं. म्हणून या दोन्हींवरच्या लेपांची ख्याती सगळ्यात मोठी!

मग एखाद्या औषधाने गुण येतो हे ठरवायचं कसं? तुम्ही शेतकऱ्याच्या लेकी आहात, तुम्हाला हे कॉलेजच्या पोरांपेक्षा लवकर कळेल. नवं खत चांगलं का हे बघायचं तर आपण एकाच रानात दोन वाफे करतो. माती तीच, पाणी तेच, बी तेच. एका वाफ्याला खत, दुसऱ्याला नाही. मग दोन्हींचं माप घ्यायचं. औषधाचंही तसंच करतात. रोग्यांचे दोन गट, एकाला औषध, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय दिलं हे रोग्यालाही माहीत नसतं आणि मोजणाऱ्यालाही नसतं. शेवटी वही उघडून बघायचं. आपल्या गटाचा हिशेब आपण तोंडी ठेवत नाही, तसाच हा.

या कसोटीला आपल्या वनस्पती उतरल्या नाहीत असं नाही. सर्पगंधा घ्या. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रोग्यांना सर्पगंधा देऊन काळजीपूर्वक मोजमाप केलं आणि १९४९ साली ते इंग्लंडच्या हृदयविकारावरच्या नियतकालिकात छापलं. त्यानंतर सर्पगंधेचं नाव जगभर झालं. हे आपल्याच मातीतलं औषध.

आणि गुग्गुळ? बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती या संशोधिकेने सुश्रुताचं मेदोरोगाचं वर्णन वाचलं आणि १९६६ साली सशांवर गुग्गुळाचा अभ्यास मांडला. पुढे त्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. बाईने जुना ग्रंथ हातात घेतला आणि नव्या पद्धतीने तपासला, हे मला फार आवडतं. पुढे भारतात गुग्गुळ चरबी कमी करायला वापरला गेला. पण २००३ साली अमेरिकेत १०३ माणसांवर दोन वाफ्यांची चाचणी झाली, तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल कमी व्हायच्या ऐवजी थोडं वाढलं आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. पद्धत तीच असते, निकाल कधी हो येतो, कधी नाही येतो. दोन्ही मान्य करायची तयारी हवी.

कांचनाच्या सालीबद्दल प्रयोगशाळेत काम झालंय. तिच्या अर्काने प्राण्यांमधली सूज कमी होते असं दिसलंय. पण बशीतल्या पेशी आणि पिंजऱ्यातला उंदीर म्हणजे आपली मुलगी नव्हे. एकट्या कांचनार गुग्गुळाने क्षयाची गाठ बरी झाल्याचं माणसांवरच्या मोठ्या, खात्रीच्या चाचणीत दिसलेलं नाही. वैद्यांकडून ते घेत असाल तर घ्या, पण तपासणीच्या आणि क्षयाच्या गोळ्यांच्या जागी नाही.

आता मैत्रिणींनो, गाठीचा एक इतिहास आपल्या अगदी दारातला आहे. हिंजवडीहून पुण्याला जाताना औंध सोडलं की आपली बस गणेशखिंडीच्या रस्त्याला लागते. त्या रस्त्यावर २२ जून १८९७ च्या रात्री चिंचवडच्या चाफेकर बंधूंनी रँड साहेबावर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकलो. पण त्यामागे काय होतं? गाठच होती. प्लेगची गाठ, जांघेत, काखेत नाही तर मानेत येणारी.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांत तो पुण्यात आला. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा झाला, रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरात शिरले. गाठ शोधायची म्हणजे काख आणि जांघ बघायची. परक्या पुरुषांनी बायाबापड्यांची अशी तपासणी केली. घरातलं सामान रस्त्यावर आलं, संशयितांना उचलून नेलं. लोकांनी काय केलं असेल? गाठ लपवली. आजारी माणूस माळ्यावर, कणगीमागे लपवला. रुग्णालयातल्या बायकांच्या हालाबद्दल पंडिता रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहून जाब विचारला. तपासणी गरजेची होती, पण अब्रू घेऊन केलेल्या तपासणीने लोकांना उपचारांपासून लांब पळवलं.

त्याच पुण्यात दुसरी एक बाई गाठ आलेल्यांना शोधत होती. सावित्रीबाई फुले. त्यांचा मुलगा डॉक्टर यशवंत याने हडपसरजवळ माळावर दवाखाना थाटला होता. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांच्या मुलाला गाठ आली हे कळल्यावर सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. सोजिरालाही गाठच शोधायची होती आणि सावित्रीबाईंनाही. आपल्या गटातली बाई कुणासमोर ओढणी काढेल हे तुम्हीच सांगा.

त्या काळात प्लेगच्या गाठीवर औषध म्हणावं असं कुणाकडेच नव्हतं. वैद्य लेप लावत, डॉक्टरही जवसाचं पोटीस बांधत. होय, पोटीस त्यांच्याही पेटीत होतं. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. गाठ बरी करणारं स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४० चं दशक उलटायला आलं होतं.

मात्र आपल्या लोकांची एक रीत खरोखर कामाची निघाली. घरात उंदीर मरून पडायला लागले की गाव सोडायचं आणि रानात झोपड्या घालून राहायचं. १८९८ साली सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने उंदराच्या पिसवेमुळे प्लेग पसरतो हे दाखवलं, तेव्हा कळलं की उंदीर-पिसवांपासून लांब जाणं हाच बरोबर उपाय होता. म्हणजे जुनं ते सगळं खोटं नाही आणि सगळं सोनंही नाही. गाव सोडणं टिकलं, लेप टिकला नाही. हे तपासल्यावरच समजलं.

आता परत आपल्या ओट्यावर येते. दोन महिन्यांनी ती गाठ लिंबाएवढी झाली. मुलीचं वजन उतरलं होतं, संध्याकाळी कणकण यायची. मी आईला बाजूला घेतलं तेव्हा तिने खरं सांगितलं. "टीबी निघाला तर हिचं लग्न कसं जमायचं?" म्हणजे लेप गाठ जिरवायला नव्हताच, दिवस ढकलायला होता. सव्वाशे वर्षांपूर्वी सोजिराच्या भीतीने गाठ लपवली, आज सोयऱ्यांच्या भीतीने.

आम्ही दोघी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. सुईने गाठीतला थेंब काढून तपासला. काम दहा मिनिटांचं. क्षय निघाला. फुफ्फुस साफ होतं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की नुसता गाठीचा क्षय एकाचा दुसऱ्याला लागत नाही, ताट-तांब्या वेगळा करू नका. औषध सहा महिने, फुकट. शिवाय आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात. २०१८ पासून ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून दुप्पट झाले.

ती आई घाबरली होती, मुलीला कुठे लांब ठेवावं लागेल म्हणून. तिला मी मद्रासची गोष्ट सांगितली. पूर्वी क्षयरोग्याला आरोग्यधामात महिनोन्‌महिने ठेवत. १९५६ साली मद्रासमध्ये एक संशोधन केंद्र सुरू झालं. तिथे गरीब रोग्यांचे दोन गट केले, एक आरोग्यधामात, चांगल्या खाण्यात आणि विश्रांतीत, दुसरा आपल्या खोपटात. गोळ्या दोघांना. १९५९ साली निकाल आला. घरी राहणारे जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळे जास्त लागण झाली नाही. पुन्हा तेच दोन वाफे. त्याच संस्थेने पुढे लहान मुलांच्या मानेतल्या क्षयाच्या गाठींवर सहा महिन्यांच्या उपचारांचा अभ्यास केला, तो १९९० मध्ये छापून आला आणि बहुतेक मुलं बरी झाली. आपल्या मुली आज घरी राहून बऱ्या होतात त्यामागे हे काम आहे.

एक गोष्ट मात्र आधी सांगून ठेवते. गोळ्या सुरू केल्यावर कधी कधी गाठ आधी वाढते, नवी उठते, फुटतेही. आमच्या मुलीचंही दुसऱ्या महिन्यात तसंच झालं. लगेच शेजारीण म्हणाली, "उष्ण पडली गोळी, बंद कर." अशा वेळी गोळी बंद करायची नाही, डॉक्टरला दाखवायचं. अर्धवट सोडलेल्या औषधाने क्षय हट्टी होतो.

तेव्हा आपल्या गटाने जे ठरवलं ते तुमच्यासमोर ठेवते. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, कोमट शेक, हळदीचं दूध, अखंड कातडीवर आंबेहळद, याला आमची ना नाही. थोडं बरं वाटतं, नुकसान नाही. पण बिब्बा नाही, त्याने कातडी भाजते. रुईचा चीक नाही, तो डोळ्यात गेला तर डोळा जातो. धोत्रा नाही, ते विष आहे. चुना नाही, डाग नाही, घरी गाठ फोडणं तर मुळीच नाही. दूध उकळल्याशिवाय प्यायचं नाही, कारण कच्च्या दुधातून गुरांचा क्षय माणसाच्या मानेत येऊ शकतो. गालगुंडात डोकं फार दुखलं, कानाने कमी ऐकू आलं, किंवा मुलाच्या वृषणाला सूज आली तर लगेच दवाखाना. गालगुंडाची लस आहे, पण सरकारी यादीतल्या गोवर-रुबेलाच्या लसीत ती नाही, म्हणून बालरोगतज्ज्ञांना एमएमआरबद्दल विचारा.

आणि मुख्य नियम दोन आठवड्यांचा. गाठ दोन आठवड्यांत उतरली नाही, वाढत गेली, दगडासारखी कडक लागली, गळ्याच्या हाडाच्या वर आली, तर लेप पुसायचा आणि दाखवायला जायचं. ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, किंवा काखेत गाठ आणि स्तनातही गाठ असेल तर दोन आठवडेही थांबायचं नाही. गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल तर त्याच क्षणी निघायचं. आपल्या भागासाठी औंधचं जिल्हा रुग्णालय आणि उरो रुग्णालय जवळ आहे. आशाताई सोबत येतात. त्या नसतील तर गटातली एक बाई सोबत जाईल, असा ठराव आम्ही वहीत लिहिलाय.

आमच्या मुलीचे सहा महिने परवा पूर्ण झाले. गाठीच्या जागी बारीकसा व्रण आहे. परवाच्या बैठकीला ती ओढणी खांद्यावर टाकून आली, गळ्याला गुंडाळून नाही. कुणी काही बोललं नाही. मीही नाही बोलले. वहीत तिच्या आईचा हप्ता लिहून घेतला आणि पुढच्या अर्जाकडे वळलो.

तुमच्या गटात कुणाची ओढणी घट्ट दिसली तर हळूच विचारा.